बाबांची दुखणी रेकॉर्डवर येतात

आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही झाली तेव्हा मी अर्विंगच्या आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात उपमा गरम करत होते. दोन हजार दहाचा मार्च महिना. भिंतीवरच्या टीव्हीत राष्ट्राध्यक्ष टेबलाशी बसले होते, मागे माणसांची दाटी होती आणि ते एकच सही बऱ्याच पेनांनी करत होते. एका पेनाने थोडी, दुसऱ्याने थोडी. ही पेनं नंतर आठवण म्हणून वाटतात, असं शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी सांगितलं. टेक्सासमधलं ऑफिस ते. निम्मे लोक डोळे लावून बघत होते आणि निम्मे टीव्हीकडे मुद्दाम पाठ करून सँडविच खात होते. मी मायक्रोवेव्हपाशी उभी होते, त्यामुळे मला कुठल्याच बाजूला बसावं लागलं नाही.

राजकारणातलं मला फारसं कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. शेकडो कलमांच्या त्या कायद्यातलं मला एकच वाक्य हवं होतं. जुनं दुखणं आहे म्हणून यापुढे कुणालाही आरोग्यविमा नाकारता येणार नाही. हे लगेच नव्हे, काही वर्षांनी लागू होणार होतं. तरी माझा उपमा मायक्रोवेव्हमध्येच राहिला, कारण 'जुनं दुखणं' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एक माणूसच येतो. तो नागपुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. त्याला बीपी होतं, शुगर होती, हृदयात स्टेंट होते आणि स्वभाव हट्टी होता. शेवटच्यावर कुठल्याही देशात विमा मिळत नाही.

मी लगेच बाबांना फोन लावला. तिकडे जेवणं उरकली होती आणि तेही बातम्याच बघत होते. बाबा बँकेत होते. उभा जन्म लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेला, त्यामुळे त्यांना कायद्यापेक्षा सहीतच जास्त रस होता.

"एवढे पेन कशाला लागते, बेटा?" ते म्हणाले. "मी काउंटरवर असतो तर चेक परत पाठवला असता. सही जुळत नाही म्हणून."

"बाबा, आता तुम्ही इकडे राहायला येऊ शकाल."

"पाहू ना. तिकडे कायदा झाला की इकडे मी बॅग भरतो, असं असते का?"

त्यांच्या नकाराला कारण होतं, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. आमच्याकडे, म्हणजे इथल्या आम्हा सगळ्या मराठी मंडळींत, एक अलिखित नियम होता. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एक काकू त्या नियमाच्या रखवालदार होत्या. कुणाचे आईवडील भारतातून यायचे असले की काकू आधी पोळ्यांचा डबा घेऊन यायच्या आणि मग बजावायच्या, "हे बघ, काहीही दुखलं तरी रेकॉर्डवर येऊ द्यायचं नाही. एकदा सिस्टिममध्ये गेलं की गेलं. डॉक्टरने विचारलं तर बीपी नाही, शुगर नाही, काही नाही. ओके?" पाहुण्यांसाठी जो विमा मिळायचा तो पाय घसरून पडणाऱ्यांच्या कामाचा होता. मुळातच असलेला आजार उलटला तर त्यातून काही मिळायचं नाही, आणि इथल्या हॉस्पिटलच्या खर्चाने भलेभले झोपले होते. त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या आईवडिलांना अमेरिकेत पाऊल टाकताच ठणठणीत व्हावं लागायचं.

यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पुड्यांमधून यायच्या. गणपतीच्या आरतीनंतर बायका एका कोपऱ्यात रेसिपींची देवाणघेवाण करतात असं लांबून वाटायचं, पण जवळ गेलं की कुणी थायरॉइडच्या गोळ्या उसन्या देत असायचं आणि कुणी ॲसिडिटीच्या परत करत असायचं. आम्ही तरुण तरी काय वेगळे होतो? दुखरी दाढ असो की डोळ्याचा नंबर, सगळं डिसेंबरच्या भारतवारीसाठी राखून ठेवायचो. दोन लग्नं, एक मुंज आणि एक रूट कॅनाल, असा आमच्या सुट्टीचा आराखडा असे.

आई गेल्यावर बाबा पहिल्यांदा एकटे आले तेव्हा काकूंनी त्यांनाही ही दीक्षा दिली. बाबांना ती भलतीच पटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं तसंही आवडतं वचन. एके दिवशी इंडियन ग्रोसरीत मी कढीपत्ता शोधत होते आणि मागे वळून पाहते तर बाबा तांदळाच्या पोत्यावर बसलेले. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी अँब्युलन्ससाठी नाइन-वन-वन लावायला फोन काढला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "गॅस आहे," ते म्हणाले, "रेकॉर्डवर नको." दुकानदाराने सोडा आणून दिला, त्यांनी ढेकर दिल्यासारखं केलं आणि आम्ही घरी आलो. त्यांनी तिकीट अलीकडचं करून घेतलं, नागपूरला उतरल्या उतरल्या दवाखाना गाठला आणि तिथे त्यांना दुसरा स्टेंट बसला.

तेव्हापासून त्यांनी अमेरिकेचं नाव टाकलं. मी दर रविवारी विषय काढायचे आणि ते दर रविवारी एकच सांगायचे, "मी तिथे आडवा पडलो तर तुमचं घर बसेल." मी चिडायचे. मला चटकन राग येतो, तो बाबांकडूनच आलाय असं आई म्हणायची. पण फोन ठेवला की तो फ्लॅट डोळ्यांपुढे यायचा. ताट एक, वाटी एक आणि टीव्हीचा आवाज मोठा. मला ते सहन व्हायचं नाही. एकुलत्या एक मुलीने एवढं शिकून, एवढ्या लांब येऊन काय मिळवलं, हा प्रश्न मला भर मीटिंगमध्ये पडायचा.

कायदा लागू व्हायला वेळ लागला. तोवर मी इथलं नागरिकत्व घेतलं आणि बाबांच्या ग्रीन कार्डाच्या मागे लागले. ते नाही म्हणत राहिले आणि कागदांवर सह्या करत राहिले, यावरून मी काय ते ओळखलं. अखेर एका ऑक्टोबरात ते आले. दोन बॅगा होत्या. एकीत कपडे आणि दुसरीत, मी न बघताच ओळखलं, वर्षभराच्या गोळ्या.

त्यांचा विमा मी नव्या कायद्याने उघडलेल्या सरकारी विमाबाजाराच्या, म्हणजे मार्केटप्लेसच्या, हेल्पलाइनवरून काढला. फोनवरचा मनुष्य गोड बोलणारा होता. बाबांना समोर बसवून मी एकेक उत्तर देत होते. वय, पत्ता, घरात माणसं किती, उत्पन्न किती. मग त्याने विचारलं, तंबाखू? नागपूरच्या माणसाला हा प्रश्न नाजूक आहे. मी बाबांकडे पाहिलं. खर्रा त्यांनी पहिल्या अटॅकनंतर सोडला होता आणि त्या गोष्टीचा त्यांना बँकेतल्या प्रमोशनपेक्षा जास्त अभिमान होता. "नो," त्यांनी स्वतः फोनमध्ये तोंड घालून सांगितलं, "लेफ्ट."

मग मी थांबले. आता तो प्रश्न येणार, याची वाट बघत राहिले. पेन हातात धरलं होतं ते उगीच घट्ट धरलं. पण तो माणूस एकदम प्लॅनच्या नावांवर गेला. न राहवून मीच विचारलं, "तुम्ही तब्येतीचं काही विचारलं नाहीत."

"आम्ही ते आता विचारत नाही, मॅम," तो म्हणाला.

हे वाक्य तो दिवसभरात किती जणांना सांगत असेल कुणास ठाऊक. मी मात्र फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर शिरा केला. नवरा ऑफिसातून आला तेव्हा त्याला आधी शिरा दिसला आणि मग माझे डोळे दिसले. "गुड न्यूज की बॅड न्यूज?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आधी खा."

आता आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना बाबांना दाखवायचं, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि भाजणीतल्या गोळ्यांना रामराम करायचा, असा माझा बेत होता. डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या, अमेरिकन, शांत स्वभावाच्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि तिथल्या खुर्चीत ताठ बसले.

बाईंनी विचारलं, ब्लड प्रेशर आहे का?

"नो."

डायबेटिस?

"नो, नो."

हृदयाचा काही त्रास? कुठलं ऑपरेशन?

"नथिंग. ऑल फाइन. मॉर्निंग वॉक डेली."

मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी बिघाड झालाय. मी तोंड उघडलं तर बाबांनी आपला बूट माझ्या चपलेवर ठेवला आणि मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "तू बोलू नको. पेशंट मी आहे." बाईंनी बीपी मोजलं. सकाळीच गोळी घेतलेली, त्यामुळे ते उत्तम निघालं. या वयात एवढी छान तब्येत, असं त्या कौतुकाने म्हणाल्या आणि बाबा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे खूष झाले. काहीच नाही म्हणायचं तर आलो कशाला, हे त्यांना उशिरा सुचलं असावं, म्हणून त्यांनी गुडघा पुढे केला. गुडघा सगळ्यांचाच दुखतो, तो त्यांच्या मते रेकॉर्डवर यायला हरकत नव्हती. बाईंनी गुडघ्यासाठी एक गोळी लिहून दिली, रक्त तपासायला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

मी तिथेच सगळं सांगून टाकायला हवं होतं असं नवरा म्हणतो. त्याचं बरोबर आहे, त्याचं बहुतेक बरोबरच असतं. पण परक्या बाईसमोर वडिलांना खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. मात्र गाडीत बसल्यावर ती नीट रेटली. गुडघ्याच्या त्या गोळीचं नाव मी ओळखलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी अशाच गोळीवरून बाबांची खरडपट्टी काढली होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ही घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती, आणि हृदयाला धोका तो वेगळा.

"तिला बिचारीला काय माहीत," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंच नाही. आता कायद्याने विचारायलासुद्धा बंदी आहे विमावाल्यांना, आणि तुम्ही अजून लपवताय?"

"विमावाले विचारत नाहीत. डॉक्टर विचारते. ती लिहून ठेवते."

"मग लिहू दे ना."

बाबा समोरच्या काचेतून पार्किंग लॉटकडे पाहत होते. मी एसी लावायचीही विसरले होते. "बेटा, मी बँकेत काय पाहिलं ते सांगतो," ते म्हणाले. "नियम बदलते. नवा साहेब आला की जुना सर्क्युलर रद्द. तुमच्या टीव्हीवर रोज कोणी ना कोणी म्हणून राहिला, हा कायदा काढून टाकू. उद्या काढला तर? कायदा जाईल. लिहिलेलं राहील. मग म्हणतील, म्हातारा आजारी आहे, आम्हाला नको."

हे काही वेडं बोलणं नव्हतं. आणि समोरच्याचं म्हणणं पटलं की माझा आवाज चढतो. "मग काय, नागपूरला परत जाऊन दुखणं काढणार आहात?"

"नाही," ते म्हणाले. "मला नाही जायचं परत. मला तिथे एकट्याने नाही राहायचं आता. म्हणून तर नाही सांगितलं."

एवढी वर्षं मी त्यांना या म्हणत होते आणि ते नको म्हणत होते. यावंसं वाटतंय, राहावंसं वाटतंय, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही भांडताना. मी गाडी सुरू केली आणि एसी लावला. गुडघ्याची गोळी मी आणलीच नाही.

रात्रीच्या जेवणाला मुलीने विचारलं, "व्हाय इज एव्हरीवन सो क्वाएट?" ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती आणि घरातली शांतता तिला संशयास्पद वाटायची. नवऱ्याने थोडक्यात सांगितलं. तिने घास खाली ठेवला आणि आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, आय हॅव अस्थमा."

"माहीत आहे मला."

"इट्स ऑन माय रेकॉर्ड. सिन्स आय वॉज टू. सो दे विल थ्रो मी आउट टू?"

बाबांचा हात आमटीच्या वाटीवर थांबला. नातीला दमा आहे हे त्यांना माहीत होतं, तिचा पंप ते रोज बघत होते. पण हे सगळं इतकी वर्षं कुठेतरी लिहिलेलं आहे, आणि आम्ही ते बिनदिक्कत लिहू दिलं आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखादी कारकुनी चूक पकडल्यासारखं. "हिचं का लिहू दिलं?"

"म्हणजे तिला श्वास लागला तर समोरच्याला कळावं काय करायचं ते," मी म्हटलं. "दुसरं काय?"

"अन् कायदा बदलला तर?"

"तर दोघांसाठी मिळून भांडू," नवरा म्हणाला आणि त्याने बाबांना पोळी वाढली. "तुमच्या मुलीला भांडायला सोबत नको, पण मी येईन."

बाबा हसले नाहीत, पण त्यांनी पोळी घेतली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जायच्या दिवशी ते माझ्याआधी तयार होऊन गाडीपाशी उभे होते. गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स एका कापडी पिशवीत भरलेल्या. पिशवीला हलकासा मेतकुटाचा वास येत होता.

रक्ताचे रिपोर्ट आले होते आणि बाईंच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, कारण शुगर काही 'नो, नो' म्हणण्याजोगी नव्हती. त्या काही विचारायच्या आत बाबांनी पिशवी टेबलावर उपडी केली. "आय टोल्ड राँग," ते म्हणाले. "नाउ आय टेल फुल."

आणि मग त्यांनी जे सांगायला घेतलं ते थेट लहानपणच्या टायफॉइडपासून. टॉन्सिल, मूळव्याध, सायकलवरून पडून मोडलेला हात, सगळं. माणसाने इतकी वर्षं झाकून ठेवलं की उघडताना हात आखडता राहत नाही. बाई टाइप करत होत्या, मधेच हसू दाबत होत्या. पहिला अटॅक काउंटरवर आला, मागे लाइन होती, म्हणून टोकन संपेपर्यंत बसलो, हे त्यांनी असं सांगितलं की जणू त्याबद्दल बाईंनी शाबासकी द्यावी. मग पोत्यावरची गोष्ट आली, दुसरा स्टेंट आला. मला वाटलं, आता संपलं.

"वन मोर," बाबा म्हणाले. पण इथे त्यांचं इंग्रजी संपलं. ते मराठीत बोलायला लागले, बाईंकडेच बघत, आणि मला म्हणाले, "तू सांग तिला. मी म्हणतो तसंच सांग."

दुसऱ्या स्टेंटनंतरची गोष्ट होती. मला माहीत नसलेली. एका दुपारी नागपूरच्या घरात छातीत तसंच दुखायला लागलं. शेजारचे गावाला गेलेले. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली, उठून पुढच्या दाराची कडी काढली आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी दुखणं थांबलं तेव्हा उठले आणि कडी लावली.

मी भाषांतर करत होते. ऑफिसात माझं काम रोज एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावण्याचं आहे, त्यामुळे तोंड आपोआप चालत होतं. ही वॉज अलोन. ही ओपन्ड द लॅच. बाईंनी विचारलं, कडी का काढली? मी बाबांना विचारलं.

"नंतर कोणाला दार फोडायला नको," बाबा म्हणाले. "दार चांगलं सागवानी होतं."

हे मला इंग्रजीत सांगता येईना. शब्द सोपे होते, सगळे येत होते. बाईंनी टाइप करणं थांबवलं आणि टिशूचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. त्यांना बहुतेक भाषांतराशिवाय कळलं असावं. त्या दिवशी संध्याकाळीही मी फोन केला असणार, आणि बाबांनी सगळं मस्त आहे असंच सांगितलं असणार.

मग बाईंनी बाबांनाच, सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, आता इथे पुन्हा तसं दुखलं तर तुम्ही काय कराल?

बाबांनी माझ्याकडे अंगठा केला.

"आय कॉल हर," ते म्हणाले. "शी विल शाउट. बट शी विल कम."

बाईंनी मान हलवली, की-बोर्ड पुढे ओढला आणि तेही लिहून घेतलं.